मुदत: सकाळी दहा वाजेपर्यंत

मी, विदोसावा राडिसाव सावातिच, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि सध्या 'क्रिलो' या व्यवसाय-प्रसिद्धी एजन्सीची सल्लागार, राहणार वाल्येवो, नदीकाठची गल्ली, घर क्रमांक नऊ, याद्वारे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न अनेकांनी सदतीस वर्षे नोकरीत करून पाहिला, त्यांना विचारावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल असे कोणी म्हणाले तर तो खोटे बोलतो आहे.

कलम १. हे मृत्युपत्र कसे वाचावे.

आमच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. टाईप केलेल्याला दोन लागतात. हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच मी हे मुद्दाम टाईप केले आहे, खालच्या मजल्यावरच्या संगणकावर, दोन बोटांनी, तीन दिवस बसून.

पहिली साक्षीदार शेजारच्या डॉ. स्लावेंका पाविच. दातांच्या का होईना, डॉक्टर आहेत, माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी सांगितले तर चालावे. दुसरे साक्षीदार रातोमिर ग्रुयिचिच, माझे जुने सहकारी, आजही 'क्रिलो'मध्ये माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे सल्लागार. हा माणूस एकवीस वर्षांत माझ्या घराचा जिना चढलेला नाही. खाली एजन्सीत रोज येतो, कोट टांगतो, नमस्कार करतो, पण वर नाही.

सह्या ३१ ऑक्टोबरला, माझ्या घरी, वरच्या मजल्यावर होतील. मुदत सकाळी दहा वाजेपर्यंत. रातोमिर आला नाही तर हा कागद रद्दी समजावा, आणि घर वारसा कायद्याने माझा एकुलता भाचा स्रेतेन याच्याकडे जाईल. वकील म्हणाले, "विदाबाई, एक जादा साक्षीदार हाताशी ठेवा हो, उगाच एवढ्या मोठ्या घराचा जुगार कशाला?" ठेवणार नाही. वकिलांची फी दिली आहे, सल्ला घेतलाच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही.

कलम २. स्रेतेनबद्दल.

स्रेतेन माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. पोरगा वाईट नाही. बेलग्रेडला असतो, दात पांढरे करून घेतले आहेत. डॉक्टर स्लावेंकांकडे नाही, हे त्यांनी मनावर घेतले आहे. गावाकडची आलुबुखाराची बाग, तिथली झोपडी आणि ब्रँडी गाळायचे तांब्याचे भांडे त्याला द्यावे. भांडे माझ्या आजोबांचे आहे. त्यात शोभेची रोपे लावू नयेत.

घर मात्र त्याला देत नाही. मागच्या वर्षी तो सोबत एक नकाशा घेऊन आला. नऊ नंबर पाडून पाच मजले.

"आत्या, तुला वरती सगळ्यात चांगला फ्लॅट देतो ना! लिफ्ट पण असेल."

"आणि संत लूकाचं काय?"

"आजकाल कोण करतं गं घरी? हॉटेलात टेबल बुक करू. तेच लोक, तेच जेवण, भांडी घासायची कटकट नाही."

संत लूका आमच्या घराण्याचा रक्षक संत. दर ३१ ऑक्टोबरला या घरात मोठी मेणबत्ती लागते, उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ होतो, पाव कापला जातो. माझ्या पणजोबांपासून एक वर्षही चुकलेले नाही, युद्धातही नाही. स्रेतेनने गेली दोन वर्षे फोनवर मेणबत्तीचे चित्र पाठवले. चित्र छान होते. घर त्याला न मिळण्याचे कारण एवढेच, दुसरे काही शोधू नये.

कलम ३. घर.

नऊ नंबरचे घर, अंगण आणि अक्रोडाच्या झाडासह, मी 'क्रिलो' एजन्सीला, म्हणजे तिची मालकीण यागोदा फिलिपोविच हिच्या नावे, पुढे लिहिलेल्या अटींवर देते. खालचा मजला आजही तिच्याकडेच आहे.

ही यागोदा कोण ते सांगते. २०१७ साली मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. टोमॅटो लावून झाले होते, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून झाली होती. वर्तमानपत्रात जाहिरात आली: 'सरकारी अनुभव असलेले सल्लागार हवेत. व्यवसायांची प्रसिद्धी करणारी नवी एजन्सी.' मी गेले. बाकावर आधीच एक माणूस बसलेला, टोपी मांडीवर. रातोमिर. चौदा वर्षे आम्ही रस्त्यात एकमेकांना पाहून फूटपाथ बदलत होतो, आणि तिथे बाक एकच होता.

यागोदा तीस वर्षांची, एका खोलीचे ऑफिस, एक चित्रकार पोरगा, आणि तोंड असे की थांबतच नाही. म्हणाली, "बघा, मी मधवाल्याची जाहिरात करते, चिवारीवाल्याची करते..." (चिवारी म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले कुरकुरीत तुकडे. आमचे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.) "...लोकांना माल आवडतो. पण शाळा, इस्पितळं, बालवाड्या, सगळी मोठी खरेदी सरकारी. निविदा वाचली की मला झोप येते हो. मला अशी माणसं हवीत ज्यांनी टेबलाच्या पलीकडून ते कागद पाहिलेत."

मी म्हणाले, "मी सदतीस वर्षं पाहिलेत."

रातोमिर म्हणाला, "मी एकोणचाळीस."

"शेवटची पाच अर्काइव्हमध्ये," मी म्हणाले.

यागोदाने दोघांनाही घेतले. नंतर म्हणायची, तुम्ही दोघं बाकावर ज्या पद्धतीनं एकमेकांकडे बघत नव्हतात, त्यावरून कळलं की दोघंही काम चोख करत असणार.

कलम ४. अर्काइव्हबद्दल, म्हणजे जुन्या भांडणाबद्दल.

हे कलम कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे. तरी ठेवावे.

२००३ साली आमच्या कचेरीत शाळांच्या सरपणाची निविदा होती. कचेरीचे नाव लिहीत नाही, तिचा काही दोष नव्हता. मुदत सकाळी दहाची. रातोमिर समितीचा अध्यक्ष, मी इतिवृत्त लिहिणारी. तीन पाकिटे वेळेत आली. चौथे दहा वाजून अकरा मिनिटांनी आले, धापा टाकत, आणि ते होते रातोमिरच्या कूमचे. कूम म्हणजे ज्याने लग्नात साक्ष दिली, पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरले. आमच्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणता येते, कूमला नाही.

रातोमिर मला म्हणाला, "विदा, दहा लिही."

"घड्याळात दहा अकरा आहेत."

"अगं, अकरा मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय?"

"दहाच्या आत आलेल्या तिघांचं बिघडतंय."

मी दहा वाजून अकरा मिनिटे असे लिहिले आणि अध्यक्षांनी काय सांगितले तेही लिहिले. मला विचारले तर आजही तेच लिहीन, त्याच शाईने. पाकीट परत गेले. चौकशी झाली, रातोमिर शिक्षा म्हणून तळघरातल्या अर्काइव्हमध्ये, जुन्या फायलींत, गेला, आणि त्याच्या कूमने रातोमिरच्या मुलीच्या लग्नाला यायचे नाकारले.

तोवर रातोमिर दरवर्षी संत लूकाला माझ्याकडे यायचा, सगळ्यांत आधी, दारातूनच ओरडत, "विदे, गहू गोड झालाय का या वर्षी तरी?" त्या वर्षी आला नाही. पुढच्याही वर्षी नाही. आणि आमच्याकडे त्या दिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला माहीत आहे तो येतो. बोलावणे म्हणजे संताचा अपमान, पाहुण्याचाही. म्हणजे तो लाजेने येईना आणि मला रिवाजाने बोलावता येईना. रिवाज नसता तर मी बोलावले असते का, हा प्रश्न डॉक्टर स्लावेंका मला विचारतात. त्यांनी दात पाहावेत.

त्याची खिडकीजवळची खुर्ची मी कोणाला बसायला दिली नाही. मला त्याची आठवण यायची. हे वाक्य टाईप केले आहे, आता खोडणार नाही.

कलम ५. हत्यारे.

माझे दाभण, लाखेची कांडी, पितळी शिक्का, भोके पाडायचे यंत्र आणि तिरंगी दोरीचे उरलेले रीळ, सर्व चित्रकार वुकान याला द्यावे. तो हसेल. २०२० पासून सगळ्या निविदा संगणकावर जातात, दोरी कोणी वापरत नाही. तरी द्यावे, कारण त्याने ती दोरी एकदा कचऱ्यात टाकली होती.

२०१८ सालचा मार्च. 'क्रिलो'ची पहिलीच सरकारी निविदा: बालवाड्यांना मध, ग्राहक दोब्रिवोये मधवाला. सगळी पाने आम्ही दोघांनी तपासली, क्रमांक घातले. तेव्हा नियम असा की लाल, निळ्या आणि पांढऱ्या पिळाची दोरी सगळ्या पानांतून ओवायची, गाठ मारायची आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारायचा, म्हणजे मधले एकही पान नंतर बदलता येत नाही. ते काम मी आदल्या दिवशी संध्याकाळी करून गेले. सकाळी नऊ वाजता येऊन पाहते तर गठ्ठ्याला पिवळी रेशमी फीत, वर फूल!

"अहो विदामावशी, ती दोरी आजोबांच्या पायजम्याची वाटत होती," वुकान म्हणाला. "मधाच्या रंगाला हे किती मॅच होतंय बघा ना!"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, हा कायदेशीर कागद आहे.

रातोमिर कोट काढून बसला. त्याने पाने दाबून धरली, मी दाभण घातले. लाख संपलेली. दोब्रिवोयेच्या नमुन्यांत शुद्ध मेणाची मेणबत्ती होती, ती पेटवली आणि गाठीवर मेण ओतले. मेण थिजेना. रातोमिर त्यावर फुंकर घालत राहिला आणि मला म्हणाला, "विदा, टाके सरळ घालतेस अजून." चौदा वर्षांनी कामाव्यतिरिक्त बोललेले ते पहिले वाक्य.

साडेनऊला वुकानच्या गाडीतून कचेरीकडे निघालो, मुदत इथेही दहाचीच. चौकात पाइपसाठी रस्ता खणलेला. रातोमिर गठ्ठा घेऊन उतरला आणि चालू लागला, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. मी माझ्या गुडघ्याच्या वेगाने मागे. मी कचेरीच्या दारात पोहोचले तेव्हा तो निविदा जमा करायच्या खिडकीशी उभा होता, पाठ माझ्याकडे. मी खांबाआड थांबले. हे त्याला आजतागायत माहीत नाही. आज वाचून कळेल.

खिडकीत बसलेली बाई त्याच्या हाताखाली शिकलेली. म्हणाली, "साहेब, तुम्ही! किती वर्षांनी! काय लिहू मग, नऊ अठ्ठावन्न?"

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चार मिनिटे झाली होती. रातोमिरने घड्याळाकडे पाहिले. त्याच्या खांद्यांवरून मला दिसत होते की तो मोठा श्वास घेतोय. दाराबाहेर दोब्रिवोये उभा, त्याचा वर्षभराचा मध याच निविदेवर अवलंबून. यागोदाची एजन्सी या एका कामावर उभी राहायची होती. आणि बाई प्रेमाने विचारत होती, कोणी दबाव टाकलेला नव्हता.

"दहा चार लिहा," तो म्हणाला.

"अहो साहेब, मग मला न उघडताच परत करावं लागेल."

"करा ना परत. नियमच आहे." मग जरा हसला आणि म्हणाला, "तुम्ही नऊ अठ्ठावन्न लिहिलंत आणि विदाला कळलं, तर अजून चौदा वर्षं ती माझ्याशी बोलायची नाही."

मी खांबाला टेकून उभी राहिले. अभिमान म्हणजे काय ते मला तोवर वाटायचे की ठाऊक आहे. मी नेहमी माझ्याच कामाचा बाळगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याचा वाटला, आणि तो जास्त वजनाचा निघाला.

कलम ६. अट.

दोब्रिवोये आठवडाभर आम्हाला शिव्या घालत फिरला. "दोन दोन सरकारी म्हातारी माणसं ठेवलीत आणि एक फोन करवत नाही यांना? मग सल्लागार कशाला पाळलेत, शोभेला?" जो भेटेल त्याला हे सांगितले. त्याच्या तोंडून पुऱ्या जिल्ह्याला कळले की 'क्रिलो'चे सल्लागार फोन करत नाहीत, स्वतःच्या ग्राहकासाठीही नाही, चार मिनिटांसाठीही नाही. पुढच्या महिन्यात अशी माणसे यायला लागली ज्यांच्याकडे फोन करायला कोणीच नव्हते. विणकाम करणाऱ्या बायका. बेकरीवाला. व्हीलचेअर दुरुस्त करणारे बाप-लेक. आम्ही त्यांना निविदा वाचून दाखवायचो, सरकारी वाक्य सोडवून साध्या भाषेत सांगायचो, चकचकीत माहितीपत्रक कपाटात जाते आणि प्रमाणपत्राची तारीख समितीसमोर जाते हे समजावायचो. बाकीचे यागोदा आणि वुकान करायचे, आणि सुंदर करायचे. त्यानंतर आजवर आमचा एकही कागद चुकीसाठी परत आलेला नाही. एकही नाही. दोब्रिवोयेसुद्धा परत आला, मधाची बरणी घेऊन, मान खाली घालून.

म्हणून घराची अट अशी. या घरातून कोणत्याही कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला कामासाठी फोन जाऊ नये. नवे सल्लागार ठेवताना त्यांना काय ठाऊक आहे ते विचारावे, कोण ठाऊक आहे ते विचारू नये. अट मोडली की नाही हे रातोमिर ठरवील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा कायदा आहे. काम देता येते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "याबाबत कायदा गप्प आहे." मग मी बोलते.

कलम ७. संत लूका.

आमच्या घराण्याचा दिवस मी 'क्रिलो'ला देते. पाद्रीबाबांनी दाढी खाजवली. "विदोसावा, कंपनीला?" मी म्हणाले, "बँकांना असतो, पोलिसांना असतो, फुटबॉल क्लबला असतो. या पोरांनी काय पाप केलंय?" त्यांनी होकार दिला. मेणबत्ती खालच्या मजल्यावर, संगणकांपासून दूर लावावी. गव्हात अक्रोड आमच्याच झाडाचे घालावेत. साखर बेताने, यागोदाचा हात सैल आहे. सार्मा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, मात्र तिने करू नये, बेकरीवाल्याच्या आईला सांगावे. कोणालाही बोलावू नये. जो येईल त्याला बसवावे, ज्याची निविदा हरली असेल त्यालाही.

खिडकीजवळची खुर्ची खाली न्यावी.

कलम ८. शेवटचे.

मला आईजवळ पुरावे. दगडावर 'सल्लागार' लिहावे, 'निवृत्त' लिहू नये.

सह्यांसाठी ३१ ऑक्टोबर का निवडला, ते रातोमिर, तुला कळले असेल. संताच्या दिवसाला पाहुण्याला बोलावत नाहीत. पण साक्षीदाराला रीतसर, लेखी, मुदत घालून बोलवावेच लागते. कलम तूच मला शिकवले होतेस.

हे मृत्युपत्र सहा पानांचे असून ती पाने मी स्वतः तिरंगी दोरीने शिवून गाठीवर मेणाचा शिक्का मारला आहे. मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि हाच माझा शेवटचा शब्द आहे असे सांगून त्यांच्यादेखत सही केली. वर येऊन हजर झाल्याची वेळ रातोमिर ग्रुयिचिच यांनी स्वतःच्या हाताने लिहावी. मी घड्याळ तपासणार नाही.

स्थळ: वाल्येवो, नदीकाठची गल्ली, घर क्रमांक नऊ, वरचा मजला
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२४

लिहून देणार: विदोसावा सावातिच (सही)

साक्षीदार १: डॉ. स्लावेंका पाविच (सही)
बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. दहा वाजल्यापासून दाराकडे बघत होत्या आणि मला म्हणत होत्या की बघत नाहीत.

साक्षीदार २: रातोमिर ग्रुयिचिच (सही)
वेळ: सकाळचे दहा वाजून अकरा मिनिटे. घड्याळ पाहून लिहिली, खरी आहे. मी नऊ पन्नासलाच आलो होतो. बाकीचा वेळ जिन्यात उभा होतो.

(खाली, लिहून देणार यांच्या हस्ताक्षरात)
मुदत उलटल्यानंतर अकरा मिनिटांनी दाखल. स्वीकारले. वि. सा.